कॉम्प्युटरचं गुणमेलन

एका गावात लग्नं जुळवणाऱ्या एक कुमुदकाकू राहत होत्या. मुलाची चौकशी करावी तर त्यांनीच. नुसत्या नातेवाइकांवर त्यांचा विश्वास नसे. मुलाच्या दूधवाल्याला आणि न्हाव्यालाही त्या गाठत. चारशे मुलामुलींचे फोटो, पत्रिका, फोन नंबर आणि पत्ते त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर होते. त्याला पासवर्ड मात्र नव्हता. "आपल्या घरात काय सोनं पुरलंय?" असं काकू म्हणत. दुसऱ्यांनी विश्वासानं ठेवायला दिलेलं त्यांच्या लेखी सोन्यात मोडत नव्हतं.

एकदा केतकी नावाची मुलगी त्यांच्याकडे आली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून तिनं घटस्फोट घेतला होता. तो अजून तिला शोधत होता, म्हणून ती दूरच्या शहरात लपून राहत होती. पुन्हा संसार मांडावा असं तिला फार वाटे.

"काकू, माझा पत्ता तुमच्याशिवाय कुणाकडे नाही," ती म्हणाली.

"पोरी, माझ्या तोंडून ब्र निघायचा नाही," काकू म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या.

त्याच सुमारास कॉम्प्युटर दुरुस्त करणारा इरफान घरी आला. आत डोकावला आणि चपापला.

"काकू, ही ऑपरेटिंग सिस्टिम बारा वर्षांची आहे. हिचे अपडेट येणं कधीच बंद झालंय. हिला भोकं पडलीत आणि ती बुजवायला आता कुणी नाही. नवी विकतची घ्या, नाहीतर फुकटची घ्या. दोन्ही चालतील. पण आज घ्या. पासवर्ड घाला. आणि अनोळखी मेलमधलं काही उघडू नका."

"आज?" काकू हसल्या. "अरे, गुण जुळवल्याशिवाय मी कुणाला घरात घेते का?"

आणि काकूंनी खरोखरच कागद घेतला. दोन रकाने आखले आणि छत्तीस गुण मांडले. विकतचीला अठ्ठावीस पडले. पण त्यांचे यजमान भास्करकाका म्हणाले, "तिच्यात दोष आहे. सारखी पैसे मागेल." फुकटचीला सव्वीस पडले. त्यावर काकू म्हणाल्या, "काहीच मागत नाही त्या अर्थी कुठेतरी खोट असणार. मी काय आज लग्नं जुळवतेय?" दोघांचं रोज वाजू लागलं. कधी काका चहा सोडून उठत, कधी काकू जेवण सोडून. मग पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवं काही आणत नाहीत. दसऱ्याला बघू, असं ठरलं. दसऱ्याला जुन्याच कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. मधल्या काळात इरफान दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याला चहा मिळाला.

दिवाळीच्या तोंडावर एक मेल आला. मुलगा इंजिनिअर, उंच, स्वतःचं घर, घटस्फोटित मुलगी चालेल, अपेक्षा काही नाही. पत्रिका सोबत जोडली आहे. काकूंना केतकीचीच आठवण झाली. ज्या बाईनं मुलांच्या न्हाव्यांनाही कधी सोडलं नव्हतं, तिनं हे स्थळ पाठवलं कुणी एवढंही विचारलं नाही. काकूंनी पत्रिकेवर क्लिक केलं. काही उघडलं नाही, म्हणून आणखी तीनदा केलं.

त्या क्लिकनं जुन्या सिस्टिमच्या भोकांतून चोर आत शिरला आणि आठ दिवसांत काकूंची सगळी यादी बाहेर फुटली. पत्त्यांसकट ती लोकांच्या मोबाइलवर फिरू लागली. फिरत फिरत एका माणसाच्या मोबाइलवर पोचली. तो केतकीचा आधीचा नवरा होता.

पंधरा दिवसांनी केतकी काकूंच्या दारात उभी राहिली. हाताला प्लॅस्टर होतं. नोकरी सुटली होती, खोली सोडली होती.

"अगं, आम्ही नवी घेणारच होतो," काकू रडत म्हणाल्या. "दोन्हींतली चांगली कुठली, तेवढंच ठरत नव्हतं."

"चार महिने तुम्ही गुण मोजत होतात," केतकी म्हणाली. "तेवढे दिवस माझं दार उघडं होतं, काकू."

ती पाणीही न घेता गेली. कुठे गेली ते तिनं या वेळी कुणालाच सांगितलं नाही. पुन्हा संसार मांडायचं तर तिनं नावच टाकलं.

दुसऱ्या दिवशी इरफाननं नवी सिस्टिम बसवली, पासवर्ड घातला. सगळं मिळून दीड तास लागला. आता कॉम्प्युटर अगदी सुरक्षित आहे. त्यात कुणाचंच नाव नाही, कारण एकूण एक घरानं आपली पत्रिका काढून घेतली. काका आणि काकू मात्र अजून भांडतात. दुसरी घेतली असती तर बरं झालं असतं, असं दोघांपैकी एकाला रोज वाटतं.

तात्पर्य: कुठलं कुलूप चांगलं यावर वाद घालत जो दार सताड उघडं ठेवतो, त्याचं स्वतःचं एक वेळ निभावतं, त्याच्या भरवशावर राहिलेल्याचं निभावत नाही.