बुवांनी दिलेलं कार्ड

"आणि वापरलेलं घेतलं, अन् महिन्यात जळलं तर?"

काशीगिर बुवा धुनीपाशी बसून वांगं भाजत होते. त्यांनी वांगं फिरवलं.

"काय जळलं तर?"

"ग्राफिक्स कार्ड, बुवा. कॉम्प्युटरवर गेम खेळायला लागतं. त्याच्याबिगर पडद्यावर काही दिसतच नाही. माझं गेलं. आता पंधरा हजारांत दुसरं बसवायचंय."

या मठात लोक विहिरीची जागा विचारायला येत, पोरीचं स्थळ विचारायला येत. सुयोग कार्ड विचारायला आला. तोही आत्यानं ढकलला म्हणून. एरवी असल्या जटावाल्यापुढं मांडी घालणाऱ्यांतला तो नव्हे. अख्खं कॉलेज कॉम्प्युटर घेताना त्याला विचारी, आणि तोही नाक वर करून सांगे. स्वतःचं मात्र दिवाळीपासून ठरत नव्हतं.

"कुठली कुठली बघितलीस?"

"एक नवं आहे. पण मेमरी कमी. पुढच्या वर्षीचे गेम त्याला झेपायचे नाहीत."

"मग दुसरं घे."

"ते वीज फार खातं. माझा पॉवर सप्लाय उडेल."

"तिसरं?"

"तेच ते वापरलेलं. विकणारा आतली खोड थोडीच सांगतो?"

"बैलबाजारात तरी कोण सांगतो?"

"चेष्टा नको, बुवा. पैसे एकदाच मिळणार. चुकलं तर संपलं सगळं."

"काय संपलं?"

सुयोग काडीनं धुनीची राख उकरू लागला.

मांडीवरचा फोन थरथरला. त्यानं नाव पाहिलं. मेसेज न उघडता फोन पालथा घातला. याआधीचेही त्यानं उघडले नव्हते.

"कोण आहे?"

"अक्रमची अम्मी."

"आणि अक्रम कोण?"

"दोस्त माझा. रोज संध्याकाळी खेळायचो आम्ही. तो त्याच्या घरी, मी माझ्या. त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं... बोलता येत नाही. गेममध्ये एक लाकडी पूल आहे. जो आधी येईल त्यानं तिथं उभं राहायचं, दुसरा येईस्तोवर. एवढंच आमचं बोलणं."

"आता?"

"येत असेल. उभा राहत असेल."

"बरा आहे का?"

सुयोगनं पालथा फोन मांडीखाली सरकवला.

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. आत गेले. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन आले आणि सुयोगपुढं धरलं.

"घे. हे तुझं कार्ड. फुकट. आजच बसव, आज संध्याकाळीच खेळ."

खरं तर पोरानं उडी मारायला हवी होती. हात पुढं आलाही होता. पण मध्येच थबकला, आणि निखाऱ्याजवळून काढावा तसा मागं गेला.

"हे... माझ्या मशीनला बसायचं नाही."

"उघडून तर बघ."

"नाही बसणार म्हणतो ना! कळतं मला त्यातलं!"

बुवांनी फडकं सोडलं.

आत अर्धी वीट होती. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून लावायची.

सुयोग विटेकडं बघत राहिला. धुनीत एक लाकूड तडकलं, तेवढ्यानंही तो दचकला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला,

"बुवा... मी गेलो, अन् तो पुलावर नसला तर?"

बुवांनी वांगं राखेतून ओढलं. हातावर नाचवत त्याचं साल काढू लागले.

"रिकामा पूल तर तू कार्डाबिगरच बघतोयस की, लेका."