रखमाजी एकशे बारा लावतो

गोदाक्काचं कुणी ऐकलंच नाही. घसा कोरडा पडेस्तोवर ती सांगत होती, "आमच्या धन्याच्या हातात फोन देऊ नका. विळा द्या, कोयता द्या, पण फोन नको." लोक म्हणाले, "गोदाक्का, तुला नवऱ्यात खोट काढायची सवयच आहे." सख्ख्या भावानंसुद्धा ऐकलं नाही. त्यानंच फोन आणला आणि भाऊजींच्या हातात ठेवला. बरं. आता भोगा.

त्याचं असं झालं. एका गावात एक भोळा नवरा होता. नाव रखमाजी. भोळा म्हणजे किती? लग्नात थोरल्या आत्यानं सांगितलं, "बायकोचं नाव घ्यायचं ते उखाण्यातच घ्यायचं, बरं का." झालं. इतकी वर्षं लोटली, पण गडी उखाण्याशिवाय नाव घेत नाही. बाजारात चुकामूक झाली की भर चौकात उभा राहून आधी यमक जुळवतो. तोवर गोदाक्का घरी पोचून भाकरी थापून मोकळी.

फोन आला त्याच आठवड्यात शेलार हवालदारांनी चावडीपुढं गाव गोळा केलं. म्हणाले, "अडचण आली की एकशे बारा लावा. गाडी दारात येईल." रखमाजीनं ते मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसली. ओढावी तेवढी घट्ट. रखमाजीनं फोन लावला.

"अडचण आलीय. लई मोठी आहे. लवकर या, आता दम निघत नाही."

धुरळा उडवत जीप आली. हवालदार उडी मारून उतरले. "कुठाय? काय झालं?"

रखमाजीनं सदरा वर केला. नाडी दाखवली.

हवालदारांच्या मिशा थरथरल्या. तरी गाठ त्यांनीच सोडली, कारण माणसाचे हाल बघवेनात. रखमाजी परसात जाऊन आला. मग हवालदार ओरडले, "नाडीसाठी पोलीस? उगाच फोन करणं गुन्हा आहे, गुन्हा! कुणाचा जीव जात असेल तरच फोन करायचा."

"असं होय! मग आधी सांगायचं की, साहेब."

आठवडा बरा गेला. मग शेजारच्या पारूबाईकडं जावई आला. रखमाजीनं कुंपणावरून बघितलं आणि फोन लावला.

"जीव जातोय! बाईच्या हातात सुरी आहे. तो ओरडतोय! गेला, साहेब. मान लोळली!"

जीप आली. मागनं ॲम्ब्युलन्स आली. पोलीस परसात घुसले, तर पारूबाई कोंबड्याची पिसं काढत बसलेली. जावयाला वाटलं, सासूनं आपल्यालाच धरून द्यायला पोलीस बोलावलेत. तो जो कुंपण ओलांडून पळाला, तो दिवाळीलासुद्धा आला नाही.

"माणसाचा जीव, बाबा, माणसाचा!" हवालदारांनी कपाळ बडवलं. "आणि आधी खात्री करायची. समोर जाऊन विचारायचं, मग फोन. आता नीट ऐक. या नंबरावरून आणखी एक खोटा फोन आला, की गुन्हा दाखल. दंड होईल, तुरुंगात बसावं लागेल. कळलं?"

"कळलं. आधी विचारायचं."

गोदाक्कानं हात जोडले. "साहेब, तो फोनच घेऊन जा हो."

"दुसऱ्याचा फोन न्यायला मी काय चोर आहे, अक्का?"

घ्या! इथंही ऐकलं नाही.

आता गोदाक्काचा सगळा जीव बिजलीत. बिजली म्हणजे तिची म्हैस. आई मेलेली पारडी, गोदाक्कानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. एका दुपारी गोदाक्का ओढ्यावर धुणं घेऊन निघाली. जाताना म्हणाली, "बिजलीवर लक्ष ठेवा."

रखमाजी ओट्यावर बसून लक्ष ठेवू लागला. एक अनोळखी माणूस टेम्पो घेऊन आला आणि बिजलीचं दावं सोडू लागला. रखमाजीचं लक्ष होतंच. मग त्याला आठवलं, विचारायचं.

"पाव्हणं, तुम्ही चोर का?"

"छ्या! म्हशीला जरा फिरवून आणतो."

"खरं ना? नाहीतर मला फोन करावा लागंल."

"आईशप्पथ."

"मग हरकत नाही."

बिजली टेम्पोत चढेना. पाहुण्यानं मागून ढकललं, रखमाजीनं पुढून पेंड दाखवली. चढली. टेम्पो दिसेनासा होईस्तोवर रखमाजीनं लक्ष ठेवलं.

गोदाक्का आली. बघते तर खुंटा मोकळा.

"बिजली कुठाय?"

"फिरायला गेली."

"कुणाबरोबर?"

"नाव नाही विचारलं. पण चोर नव्हता. ते विचारलं."

गोदाक्कानं धुणं तिथंच आपटलं. फोन हिसकावून घेतला. "एकशे बारा का? माझी म्हैस चोरली हो!"

"बाई, या नंबरावरून आधी नाडी आली, मग कोंबडा आला. आता म्हैस?"

"अहो, खरंच चोरलीय!"

"कोंबड्याच्या वेळीही खरंच होतं."

तरी जीप आली. निम्मं गावही आलं. हवालदारांनी विचारलं, "चोर बघितला कुणी?"

"ह्यांनी!" गोदाक्का म्हणाली.

"रखमाजी, चोर बघितलास?"

"नाही, साहेब. चोर आलाच नाही."

तेवढ्यात गळ्यातली घंटा वाजवत बिजली गल्लीतून आली. टेम्पो ओढ्याच्या चढावर बंद पडला, तो माणूस ढकलायला उतरला, आणि ही दावं तोडून, उडी मारून घराकडं सुटली. पण हे बघायला तिथं कुणी नव्हतं. गोदाक्का तिच्या गळ्यात पडून रडली.

"बघा, साहेब," रखमाजी म्हणाला, "फिरूनच आली ना?"

हवालदारांनी वही काढली. "म्हैस दारात. चोर नाही. घरधनी सांगतोय, चोरी नाही. म्हणजे फोन खोटा."

"अहो, हे तुटलेलं दावं तरी बघा!"

"मध्ये बोलू नका, अक्का. रखमाजी, मी मागंच बजावलं होतं. आता गुन्हा. खरं सांग, हा फोन कुणी केला? नाव सांग."

रखमाजी उठून उभा राहिला. टोपी सारखी केली. घसा खाकरला.

"अहो, गप बसा!" गोदाक्का ओरडली. पण तिचं कुणी ऐकलंच नाही. उलट पारूबाईच म्हणाली, "शूऽऽ! उखाणा हाय." सगळ्या गावानं कान टवकारले.

आणि रखमाजीनं हसत, लाजत, खणखणीत आवाजात नाव घेतलं:

"बिजली आली घरी, तुटली तिची दोरी,
खोटा फोन करणारी, ही माझी गोदावरी."