भिंतीमागची अक्का

त्या राज्यात सपाट जागा नव्हती. माती रोज थोडी थोडी खाली सरकायची, आणि तिच्यासोबत तिच्यात लावलेलं सगळंच.

म्हणून रुळांखालून सुटलेले जुने लाकडी स्लीपर एकत्र आले. मातीला अडवायला भिंत व्हायचं ठरलं. सगळ्यांत खालचा निम्मा जमिनीत गेला, बाकीचे सांधे चुकवत एकावर एक चढले. माथ्यावर सागाचा सागोबा. पण नुसत्या रचलेल्या भिंतीला माती किती दिवस जुमानणार? कुणीतरी पाठीमागून तिला धरून, मातीत आडवं पडायला हवं होतं. कुणी पुढं होईना. तेव्हा ऐनाच्या लाकडाची अक्का म्हणाली, "माझं एक टोक तुमच्यात खिळवा. बाकी मला पुरून टाका."

तिला पुरलं. जाता जाता एवढंच म्हणाली, "फटी बुजवू नका रे. आत झरा आहे, त्याला वाट लागते."

बारा वर्षं भिंत हलली नाही. वरच्या वाफ्यात मोगरा धरला. येणारे जाणारे सागोबाची पाठ थोपटायचे, "काय भक्कम उभा आहेस." सागोबा नाही म्हणायचा नाही.

फटींतून मात्र पाणी ओघळायचं, अंगावर काळे डाग पडायचे. एका सणाला सागोबा म्हणाला, "चार पाहुणे येणार, अन् आपलं हे गळकं नाक." शेणामातीनं फटी लिंपल्या. भिंत गुळगुळीत दिसू लागली.

तिसऱ्या दिवशी आतून आवाज आला, "सागोबा, पाणी माझ्या छातीला लागलंय. एक फट उघड, बाबा."

"पाहुणे बसलेत अक्का. सण उरकू दे."

"सण करा की. बोटभर फट मागतेय मी."

"अंधारात पडून दुसरं काय करणार ती? कुरकुरणारच," सागोबा खालच्यांना म्हणाला. ते हसले. तळातला तेवढा हसला नाही, त्यालाही ओल लागली होती. पण एवढं ओझं डोक्यावर घेऊन तो बोलणार कसा?

चौथ्या दिवशी आवाज आला नाही. सागोबाला बरं वाटलं.

पाचव्या दिवशी माती फुगली. अक्कानं धरून ठेवलं, पण तिच्या टोकाशी भिंतच फाटली. सागोबा, वाफा, मोगरा, पाहुण्यांची पंगत, सगळं उतारावरून गेलं. कुठं जाऊन थांबलं, कुणी पाहिलं नाही.

पाणी ओसरलं तेव्हा उघड्या उतारातून एक काळं लाकूड पुढं आलेलं होतं, हात केल्यासारखं. बारा वर्षांनी अक्काच्या अंगावर ऊन पडलं. धरायला पुढ्यात कुणी नव्हतं.