सावळदऱ्याची मुकी घंटा

सावळदऱ्याला गेलात आणि जोगाईच्या देवळातल्या घंटेला आतून तांबडं फडकं गुंडाळलेलं दिसलं, तर ती वाजवू नका. गावात कुणाचं तरी घर टेकूवर आहे असं समजा आणि नुसते हात जोडा. पाहुणे हटकून विचारतात, देवळातली घंटा मुकी कशाला केली? मग पारावरचे दगडूआबा सुतार घसा साफ करतात. आबांना घाई खपत नाही. "आधी बूड टेका," म्हणतात, "उभ्या उभ्या ऐकायची गोष्ट न्हाई ही." मग ते सांगतात ती अशी.

फार जुन्या काळी गावात सगळी माळवदाची घरं होती. लाकडी खांब, खांबांवर तुळया आणि वर हातभर जाडीचं पांढऱ्या मातीचं सपाट छत. उन्हाळ्यात आत गारवा असायचा, पण डोक्यावर ओझं केवढं! सटवाजी पाटलाचं माळवद तर गावात सगळ्यांत मोठं. त्याच्या मधल्या खांबाला बुडातून वाळवी लागली. लिंबाजी सुतारानं तुळईला टेकू दिले, कुजका खांब काढून टाकला आणि नवा खांब अंगणात आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मुहूर्तावर तो उभा करायचं ठरलं.

आणि नेमक्या त्याच सकाळी पाटलाच्या लेकीला, कौसाला, कळा सुरू झाल्या. पहिलं बाळंतपण, त्यात दिवस भरायच्या आधीच. तिची खोली नेमकी त्याच तुळईच्या टोकाखाली होती. सुईण म्हणून धावत आली ती लिंबाजीची बायको भिवरा. भिवराचा गळा म्हणे असा, की ती जात्यावर बसली की अख्खी आळी जागी व्हायची. तिच्या ओव्या ऐकून सासुरवाशिणी रडायच्या, आणि सासवाही.

भिवरानं खोलीत शिरताना वर बघितलं आणि टेकूवरची तुळई दिसताच ती मागं फिरली. ती बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "धनी, आजच्या दिस ऱ्हाऊ द्या. पोरगी मोकळी होऊ द्या."

लिंबाजीच्याही मनात तेच होतं. पण पाटील ऐकेना. असा मुहूर्त पुन्हा लवकर नव्हता. "टेकूवरचं घर म्हंजी अर्धं घर. माझा नातू काय अर्ध्या घरात जन्माला येणार?" असं म्हणून त्यानं वाजंत्र्यांना खूण केली.

आबांच्या मते गावाची चूक झाली ती इथंच. नव्या घराचा पहिला खांब रोवताना हलगी-संबळ वाजवतात, देवळातली घंटा बडवतात. पाटलानं जुन्या घरालाही तोच थाट केला. नवं लाकूड ओझ्याखाली गेलेलंच नसतं, ते काय सांगणार? जुनं लाकूड मात्र दुखलं की बोलतं. पण ते ऐकायला कुणाचे तरी कान मोकळे पाहिजेत. इथं देऊळ पाटलाच्या भिंतीला लागून. घंटा दणदणायला लागली, तशी घरातली भांडी थरथरू लागली.

भिवरा कौसाजवळ बसली होती. बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं. तेवढ्यात कौसाच्या कपाळावर चिमूटभर पांढरी माती पडली. भिवरानं ती पुसली. पुन्हा पडली. तिनं डावा हात भिंतीतल्या लाकडावर ठेवला. जन्मभर सुताराच्या घरात वावरलेली बाई ती. लाकूड आतून तुटत होतं, आणि ते तिच्या तळहाताला कळलं.

झालं होतं असं, की आतल्या भिंतीकडच्या टेकूखाली जुनं पेव होतं, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. कुठल्याशा दुष्काळात ते रिकामं झालं आणि कुणीतरी वरवर बुजवून टाकलं. पाटलाच्या घरात कुणालाच त्याची आठवण उरली नव्हती, तर लिंबाजीला कुठून असणार? ओझ्यानं जमीन दबली, टेकू सैल पडला आणि सगळा भार उरलेल्या टेकूंवर गेला.

"धनी!" भिवरा ओरडली. "आवं धनी, टेकू बघा!"

अख्खी आळी जागी करणारा तो आवाज उंबऱ्याबाहेरही गेला नाही. उठून धावावं, तर बाळाचं डोकं तिच्या हातात होतं. बसून राहावं, तर माळवद पोरीवर येणार, बाळावर येणार, आणि खाली उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्यावरही. वरून आता मातीची बारीक धार लागली होती. भिवरा घाबरली, फार घाबरली. पण तिनं हात हलू दिले नाहीत. तिनं डोळे मिटले आणि देवळाच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई जोगाई, तुझी घंटा गप कर. बदल्यात माजी वाचा घे. दिली तुला."

असं सांगतात, की शब्द पुरा झाला आणि घंटेचा लोलक तुटून दगडावर पडला. अपशकुन झाला म्हणून वाजंत्र्यांचे हात जागच्या जागी थांबले. सगळं गाव चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत सगळ्यांनी ऐकलं, तुळईत कट्ट झालं.

लिंबाजीनं आवाजाच्या दिशेनं उडी घेतली. टेकूला लाथ घातली, तो हलला. "मुहूर्त गेला खड्ड्यात!" तो ओरडला. "खांब आणा, समदे हात लावा!" पाटलानं स्वतः पागोटं फेकून खांबाला खांदा दिला. खांब दगडी बैठकीवर उभा राहिला, लिंबाजीनं वरच्या फटीत पाचरी ठोकल्या. एक, मग आणखी एक. तुळई कुरकुरली आणि बसली. मातीची धार थांबली.

मग खोलीतून बाळाचं रडणं ऐकू आलं. लिंबाजी घामानं निथळत दाराशी गेला. "भिवरा, काय झालं गं?"

भिवरानं सांगायला तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज मात्र आला नाही. तिनं नुसतं बाळ उचलून दाखवलं. मुलगी होती. भिवरा पुढं पुष्कळ वर्षं जगली, पण तिच्या तोंडून पुन्हा शब्द निघाला नाही. लिंबाजी म्हणे रोज पहाटे जात्याच्या घरघरीला कान लावून बसायचा. पाटलानं घंटेला नवा लोलक बसवला, आणि पुढं गावात पहिलं घर टेकूवर चढलं, तेव्हा भिवरानं आपल्या लुगड्याचा तांबडा पदर फाडून लोलकाला गुंडाळला.

आजही सावळदऱ्यात घर टेकूवर चढलं, की सुताराच्या घरची बाई लोलकाला तांबडं फडकं बांधते. त्या आळीत उखळ-मुसळ थांबतं, लग्नाची वरात असली तर दुसऱ्या वाटेनं जाते. पाटलाच्याच घराची डागडुजी करायला परवा शहरातून इंजिनिअर बाई आल्या. टेकू आता लोखंडी आहेत, भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्यात, भेग वाढली की काच तडकते. त्यांनीही तुळईला कान लावला आणि जनरेटर बंद करायला सांगितला. आबांना त्या बाई फार आवडल्या.

काम पुरं होऊन शेवटचा टेकू निघतो, तेव्हा फडकं सोडतात आणि त्या घरातली सगळ्यांत धाकटी मुलगी घंटेला एकच टोला देते. नाद विरेपर्यंत कुणी बोलत नाही. दळणारी हात थांबवते, नांगरणारा बैल थांबवतो. मग गावातली म्हातारी माणसं एकमेकांकडे बघून हळूच म्हणतात, "भिवरा बोलली."