उंबऱ्याची माती

एका गावात एक शाळा होती आणि शाळेच्या अंगणात एक आंबा. नव्या मुलाने आपल्या घराच्या उंबऱ्याची चिमूटभर माती आणून आंब्याच्या आळ्यात टाकायची, मगच पटावर नाव चढायचं, अशी तिथली रीत. हेडबाईंना या रीतीचा कोण अभिमान! प्रवेशाच्या दिवशी त्या पहाटेपासूनच लगबगीत असत.

त्या वर्षीही ताशे वाजले, पोरं ओळीने आली. सगळ्यांच्या शेवटी एक मुलगी आली. तिच्या ओच्यात एक नाही, दोन नाही, चांगल्या सात पुड्या!

"अगं, सात घरं आहेत की काय तुझी?" बाई हसून म्हणाल्या.

"नाही बाई. घर पुरात वाहून गेलं. ही बाजारातल्या छपराखालची, ही देवळाच्या ओवरीची, ही पुलाखालची... जिथं जिथं निजलो तिथली आणली. यातली चालंल का एखादी?"

प्रवेशाला बसलेले गावचे पंच खाकरले. "बाई, उंबरा नाही तर नाव नाही. रीत ती रीत."

मुलगी पुड्या आवरू लागली. ज्या रीतीची बाईंनी इतकी वर्षं टिमकी वाजवली, तीच आज या पोरीला फाटकाबाहेर काढायला निघाली होती.

एवढ्यात चौथीतली एक मुलगी उठली. "बाई, मी शेजारच्या काकूंच्या उंबऱ्याची माती आणली होती. आम्ही गिरणीमागं ताडपत्रीत राहतो."

मागून आणखी एक हात वर झाला. मग तिसरा. "बाई, मी पण!"

"अरे देवा! आणि घरात दिवा नसलेल्या तुम्हालाच मी गृहपाठावरून ओरडत होते!" बाई म्हणाल्या.

बाई ताडकन उठल्या. शाळेच्या उंबऱ्याशी बसकण मारून त्यांनी नखांनी माती खरवडली आणि नव्या मुलीच्या तळहातावर ठेवली.

"पंच, उंबरा नाही म्हणता? हा काय उंबरा! टाक गं बाळ!"

मग काय विचारता! ताशे कडाडले, पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात दप्तरं ठेवायला फळी ठोकली गेली, पोरांच्या अंघोळीसाठी मागच्या मोरीला दार लागलं, आणि अभ्यासाला एक खोली दिवेलागणीनंतरही उघडी ठेवायचं ठरलं. त्या खोलीत गुपचूप एक सतरंजी येऊन पडली, ती पंचांच्या घरची होती.

दुसऱ्या दिवशी पुलाखालची अकरा पोरं रिकाम्या मुठींनी दारात हजर! बाई आधीच उंबऱ्याशी माती खरवडत बसल्या होत्या.

"या रे, या! किती उशीर केलात!"

तात्पर्य: दारात आलेल्या लेकराला त्याचं घर विचारण्याआधी आपलं दार उघडावं.