राजाची रिकामी समाधी

शपथेवर सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. आता तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता, ते सोडा. पाय पांघरुणात घ्या आणि ऐका.

एक होता राजा. नाव हंबीर. दरबारात नुसता कलकलाट. याचं भांडण, त्याची तक्रार. राजाचं डोकं भणभणलं. राणीच्या मांडीवर तान्ही लेक, मैना. राणीला म्हणाला, "जरा फिरून येतो." आणि गेला की हो! वर्षं लोटली तरी परत येईना.

फिरता फिरता त्याला कळलं, गाव कुठलंही असो, खरी शांतता थडग्यांपाशी. तिथं कुणी काही मागत नाही.

एकदा समुद्राकाठी खलाशांचं कबरस्तान लागलं. राजानं दगडाला कान लावला, तर आतून घोरणं! चक्क घोरणं, बरं का! राजा उडालाच. मग हसला. मग तोही असा झोपला, की वरच्या चाफ्यानं त्याला फुलांनी झाकून टाकलं.

मग डोंगरात गोसाव्यांच्या समाध्या लागल्या. कान लावला, तर आत कुणीतरी खुदुखुदु हसतंय! राजाच्या अंगावर काटा. पण मन कसं पिसासारखं झालं.

मग एका माळावर लागली नवीकोरी समाधी. कान लावला. आत काहीच नाही. राजाला इतकं निवांत वाटलं, की तिथंच टेकून बसला.

तेवढ्यात झाडणारी म्हातारी आली. "ए बुवा, सरक की! आमच्या हंबीर राजाच्या समाधीला टेकून बसलास व्हय?"

राजाचं तोंड उघडं ते उघडंच. "पण... तो मेला कधी?"

"कुणाला ठावं! वाट बघून बघून दमलो, मग पळसाच्या पानांचा पुतळा केला आन् दिला अग्नी."

राजा हादरला. मग मनात म्हणाला, अरे, मेलेल्याला कोण तक्रार सांगणार? आयतीच शांतता! गुपचूप निघावं. उठलाच होता, तोच राणी आली. राजा समाधीमागे दडला. राणीनं दगडावर डोकं टेकलं.

"अहो, मैनाचा पहिला दात पडला. तुम्हाला दाखवायचा म्हणून मुठीत धरून बसलीय. काय सांगू तिला?"

राजाला राहवेना. मागून म्हणाला, "सांग, येतोय."

राणी किंचाळली! म्हातारीचा खराटा कुठल्या कुठे उडाला!

पण क्रियाकर्म झालेल्या माणसाला घरात घेणार कसं? भटजी म्हणाले, "पुन्हा जन्मावं लागेल." मग त्या दाढीवाल्या राजाला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात घातलं. बोळक्या आत्याबाईनं कानात कुर्र करून नाव ठेवलं. मैना वाकून म्हणाली, "अय्या, बाबा तर माझ्याहून लहान!" आणि तिनं मूठ उघडली.

मग राजाराणीचं पुन्हा लग्न लागलं. सगळी सुखानं नांदली.

आता खरं सांगतो. पाळणा खरा, दाढी खरी. राणी समाधीवर आली, तेवढं मी जोडलं. नाहीतर तो निघून गेला असता ना! चला, मिटा डोळे.