टोपली वर कधी नेणार?

नदीकाठच्या रानात जनावरं टोपलीत वाळका भोपळा टाकायचा खेळ खेळायची, तेव्हाची ही गोष्ट. अस्वलआजोबांचा संघ लागोपाठ बारा सामने हरला होता. आजोबांना आता एक चांगला कारभारी हवा होता.

कोल्हा म्हणाला, "मला नेमा. तळ्यावरचा करकोचा आणतो, पुढचा सामना आपलाच!"

"आणि करकोचा उडून गेला की?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

सुगरण पक्षी म्हणाला, "मला तीन वर्षं लागतील." सगळे खो खो हसले. आजोबाही हसणार होते, पण त्यांची नजर बाभळीवर गेली. तिथे तीन अर्धवट खोपे लोंबत होते आणि चौथ्यात पिल्लं चिवचिवत होती.

"ते तीन का सोडलेस रे?"

"बायकोला पसंत पडले नाहीत, आजोबा. मग पुन्हा विणायला बसलो."

आजोबांनी तिथल्या तिथे त्यालाच कारभारी केलं. त्यानं सरावाची टोपली संघातल्या सशाच्या पोरांचा हात पोचेल इतकी खाली बांधली आणि दर महिन्याला गुपचूप बोटभर वर सरकवत राहिला.

पुढचा सामना संघ हरलाच. तिसऱ्या वर्षी टोपली जुन्या उंचीला पोचली, तेव्हा सशाची पोरं धपाधप भोपळे टाकत विचारत होती, "कारभारीकाका, टोपली वर कधी नेणार?"